दिवा काय सांगतो?

गॅसच्या शेगडीत हवा जास्त शिरली, तर ज्योत बर्नरवरून उचलली जाते. ती फडफडते. कधी विझूनही जाते. आपण काय करतो? शेगडी फेकून देत नाही. हवा कुठून शिरली ते बघतो.

मोटारीच्या इंजिनाचेही असेच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा याहून जास्त झाली किंवा पेट्रोल कमी पडले, की त्या मिश्रणाला ‘लीन’ म्हणतात. मग गाडी स्लोवर थरथरते. पिकप मिळत नाही. चढावर भार पडला, की इंजिन फार तापते. असेच बरेच दिवस चालवले, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन खराब होऊ शकतात. तो खर्च मोठा असतो.

आजच्या गाडीत हे ओळखणारा एक लहान संगणक असतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. जळून उरलेल्या धुरात प्राणवायू किती आहे, ते तो संगणकाला कळवतो. प्राणवायू जास्त दिसला, की संगणक पेट्रोल वाढवतो. वाढवून वाढवून त्याची हद्द संपते, तेव्हा तो पिवळा दिवा लावतो आणि एक कोड लिहून ठेवतो. तो कोड म्हणजे पी ०१७१. काही इंजिनांत सिलिंडरच्या दोन रांगा असतात. तिथे दुसऱ्या रांगेचा कोड पी ०१७४ असतो.

अमेरिकेत १९९६ सालापासून आणि भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या मोटारींना अशी तपासणी-व्यवस्था सक्तीची झाली. स्टिअरिंगखाली १६ पिनांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावला, की कोड वाचता येतो.

आता खरी अडचण बघू. समजा, एक टॅक्सीवाला गॅरेजमध्ये जातो. मेकॅनिक कोड वाचतो आणि म्हणतो, “सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.” टॅक्सीवाला पैसे मोजतो. कोड पुसला जातो. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर! मग इंजेक्टर बदलतात. मग पेट्रोल पंप बदलतात. गाडीचा हप्ता थकतो, पण दिवा काही जात नाही.

असे का होते? कोड रोग सांगत नाही, लक्षण सांगतो. अंगात ताप आहे, एवढे थर्मामीटर सांगते. म्हणून कोणी थर्मामीटर बदलत नाही. सेन्सरने खरी बातमी दिली आणि आपण त्यालाच काढून टाकले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

मग काय करावे? आधी कोड पुसू नये. कोड पडला तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापले होते, ही नोंद संगणकाजवळ असते. कोडबरोबर तीही पुसली जाते.

नंतर स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ हा आकडा बघावा. संगणक नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो आहे, ते त्यावरून कळते. त्यात दोन आकडे असतात, एक तात्पुरता आणि एक कायमचा. दोन्हींची बेरीज करावी. ती १० टक्क्यांच्या आत असेल, तर सहसा चिंता नसते. २० ते २५ च्या घरात गेली, की बहुतेक गाड्यांत दिवा लागतो.

हा आकडा दोनदा बघावा. एकदा गाडी स्लोवर असताना आणि एकदा २५०० फेऱ्यांपर्यंत रेस देऊन.

स्लोवर आकडा मोठा आणि रेस दिल्यावर लहान झाला, तर कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे. तांब्याभर दुधात वाटीभर पाणी पडले, तर लगेच कळते. हंडाभर दुधात तेवढेच पाणी कळत नाही. स्लोवर इंजिन थोडी हवा घेते, म्हणून गळती मोठी दिसते. अशा वेळी रबरी नळ्या वाकवून चिरा बघाव्यात. क्लिपा आणि मॅनिफोल्डचे पॅकिंग तपासावे. धूर सोडून गळती शोधण्याचे यंत्रही मिळते. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा पेट घेणारा स्प्रे मारून मात्र कधीच बघू नये. आग लागते.

रेस दिल्यावर किंवा चढावर आकडा वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडते आहे. फिल्टर तुंबला असेल किंवा पंप थकला असेल. गेज लावून दाब मोजावा. हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, तरीही असेच होते. तो त्याच्याच खास स्प्रेने साफ होतो. बोटाने किंवा फडक्याने पुसू नये.

सायलेन्सरची नळी सेन्सरच्या आधी फुटली असेल, तर बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर फसतो. तेही बघावे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही गाड्यांत हवा मोजत नाहीत, नळीतला दाब मोजतात. तिथे चोरटी हवा शिरली, तर बहुधा गाडीची स्लोच वाढते. म्हणून आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे, ते आधी विचारावे.

काम झाल्यावर कोड पुसावा आणि दोन-चार दिवस गाडी चालवावी. मग पुन्हा आकडा बघावा. तो शून्याजवळ आला, तर रोग गेला. नुसता दिवा विझला, ही खूण पुरेशी नाही. आणि दिवा लुकलुकू लागला, तर गाडी दामटू नये. बाजूला घेऊन थांबवावी.

गॅरेजमध्ये गेल्यावर लाजू नका. “सेन्सर कितीला?” हे नंतर विचारा. आधी विचारा, “स्लोवर आकडा किती? रेस दिल्यावर किती?” चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही. तुमचे कष्टाचे पैसे वाचतात, आणि त्याचेही नाव राहते.

वाचा आणि सांगा

१. सेन्सर बदलूनही दिवा पुन्हा का लागला?
२. कोड आधी का पुसू नये?
३. स्लोवर आकडा २२ आणि रेस दिल्यावर ५ आला, तर काय शोधाल?