पारदर्शक चित्रे आणि त्यांसाठी साधनांची निवड

ग्रंथालयातील पुस्तकाच्या पहिल्या पानावर रबरी शिक्का उमटविला असता शाई केवळ अक्षरांच्या व रेषांच्या जागी लागते. उरलेल्या जागी कागद जसाच्या तसा दिसत राहतो. मग तो कागद पांढरा असो, पिवळा पडलेला असो की निळा असो. संगणकाच्या पडद्यावरील चित्राची गोष्ट निराळी आहे. तेथील ठिपक्यांचे प्रत्येक चित्र मुळात एक भरीव आयत असते. शाळेचे वर्तुळाकार बोधचिन्ह रंगीत वेबपृष्ठावर ठेवले की त्याच्याभोवती पांढरा चौकोन दिसू लागतो, याचे कारण हेच. हा चौकोन नाहीसा करून चित्रामागील पृष्ठ दिसू देणे, यालाच चित्र पारदर्शक करणे असे म्हणतात.

त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न सामान्यतः सर्वांत आधी विचारला जातो. वस्तुतः तो सर्वांत शेवटी विचारावयाचा प्रश्न आहे. पारदर्शकता चित्रात कशी साठविली जाते, ती कोणत्या प्रकारच्या फाइलीत टिकते आणि कोणत्या चुकीने नष्ट होते, हे एकदा उमजले म्हणजे साधनाची निवड फारशी अवघड राहत नाही.

चौथा अंक

संगणकातील चित्र पिक्सेल नावाच्या सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. प्रत्येक पिक्सेलचा रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन घटकांच्या प्रमाणांनी सांगतात, आणि प्रत्येक प्रमाण सामान्यतः ० ते २५५ या अंकांत मोजतात. या तीन अंकांत ‘येथे काहीच नाही’ असे सांगण्याची सोय नाही. तिन्ही अंक २५५ असले तर पांढरा रंग होतो. रिकामी जागा होत नाही. पांढरेपणा आणि रिकामेपणा यांतील हा भेद विद्यार्थ्याने प्रथमच मनात पक्का केला पाहिजे.

ही उणीव दूर करण्यासाठी रंगाच्या तीन अंकांना चौथा अंक जोडण्याची युक्ती एड कॅटमल व ॲल्व्ही रे स्मिथ यांनी न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अमेरिकेतील संस्थेत १९७७ च्या सुमारास योजिली. या चौथ्या अंकास ‘अल्फा’ असे नाव आहे. अल्फा ० असेल तर पिक्सेल पूर्णपणे पारदर्शक असतो, २५५ असेल तर पूर्णपणे अपारदर्शक असतो, आणि अल्फा मधला असेल तर पिक्सेलही त्या प्रमाणात अर्धपारदर्शक होतो. पुढे १९८४ साली टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरे चित्र बसविण्याचे गणित पद्धतशीरपणे मांडले. त्यातील मुख्य नियम सोपा आहे. अल्फा हा ० ते १ यांमधील अपूर्णांक मानला, तर

दिसणारा रंग = अल्फा × चित्राचा रंग + (१ − अल्फा) × मागचा रंग.

समजा, चित्रातील पिक्सेलच्या तांबड्या घटकाचा अंक २०० आहे, मागील पृष्ठाचा १०० आहे आणि अल्फा ०.५ आहे. तर पडद्यावर दिसणारा अंक १०० + ५०, म्हणजे १५० होईल.

कडेचा प्रश्न

अल्फाचे मधले अंक कशासाठी हवेत, अशी शंका येथे येणे स्वाभाविक आहे. जागा एकतर रिकामी असेल किंवा भरलेली असेल, मग अर्धवट पारदर्शकतेचे प्रयोजन काय? याचे उत्तर चित्राच्या कडेवर सापडते.

‘ळ’ हे अक्षर घ्या. त्याच्या कडा वक्र आहेत आणि पिक्सेल तर चौकोनी. वक्र रेषा चौकोनांनी काढली तर ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. म्हणून सॉफ्टवेअर कडेवरील पिक्सेलांना अक्षर व पार्श्वभूमी यांच्या मधली छटा देते. काळे अक्षर (०) पांढऱ्या पार्श्वभूमीवर (२५५) असेल, तर अर्धा झाकलेला पिक्सेल सुमारे १२८ इतका करडा होतो.

आता केवळ शुद्ध पांढरे पिक्सेल काढून टाकून हे अक्षर गडद करड्या पृष्ठावर ठेवले आणि त्या पृष्ठाचा अंक ४० आहे असे मानले, तर कडेवरचा १२८ हा अंक तसाच राहतो. तो अक्षराहूनही उजळ आणि पृष्ठाहूनही उजळ असतो. त्यामुळे अक्षराभोवती एक फिकट किनार दिसू लागते. याउलट तोच पिक्सेल ‘रंग ०, अल्फा ०.५’ असा साठविला, तर वरील नियमाने त्याचा दृश्य अंक २० येतो. तो ० व ४० यांच्या बरोबर मध्ये आहे. म्हणून कड गुळगुळीत दिसते. सारांश, चांगल्या पारदर्शक चित्रात कडेच्या पिक्सेलांतून पांढरा रंग वजा झालेला असला पाहिजे आणि त्याची जागा अल्फाने घेतलेली असली पाहिजे.

देवनागरी अक्षरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘व’, ‘म’, ‘ळ’ यांसारख्या अक्षरांत चोहोकडून बंद अशा पोकळ्या असतात. लागून असलेले एकाच रंगाचे पिक्सेल निवडणारे साधन अक्षराबाहेरची पार्श्वभूमी निवडते, पण या पोकळ्यांपर्यंत पोहोचत नाही. परिणामी बाहेरचा पांढरा भाग जातो आणि आतले पांढरे ठिपके राहतात. त्यांची निवड स्वतंत्रपणे करावी लागते.

फाइलीचा प्रकार

चित्र कितीही उत्तम कापले, तरी ते अयोग्य प्रकारच्या फाइलीत ठेवले तर श्रम वाया जातात. छायाचित्रांसाठी सर्वत्र रूढ असलेल्या जेपीईजी या प्रकारात अल्फा साठविण्याची सोय नाही. पारदर्शक चित्र त्यात उतरविले की रिकाम्या जागी एखादा भरीव रंग, बहुधा पांढरा, येऊन बसतो.

जीआयएफ हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने १९८७ साली प्रसृत केला आणि १९८९ च्या आवृत्तीत त्याला पारदर्शकतेची जोड दिली. त्याच्या एका चित्रात अधिकांत अधिक २५६ रंग बसतात आणि त्यांपैकी एक रंग पारदर्शक म्हणून नेमता येतो. येथे पिक्सेल पूर्ण पारदर्शक तरी असतो किंवा पूर्ण अपारदर्शक तरी. मधली अवस्था नाही. फिकट किनारीचा दोष या प्रकारात वारंवार आढळतो, तो यामुळेच.

या प्रकाराचा इतिहासही बोधप्रद आहे. त्यात वापरलेल्या एलझेडडब्ल्यू या संक्षेपपद्धतीचे पेटंट युनिसिस कंपनीकडे होते. जीआयएफ फाइली बनविणाऱ्या सॉफ्टवेअरांसाठी परवाना घ्यावा लागेल, असे डिसेंबर १९९४ मध्ये जाहीर झाले. तोवर हा प्रकार जगभर रुळला होता. या घटनेची प्रतिक्रिया म्हणून १९९५ च्या जानेवारीत टॉमस बूटेल यांनी नव्या प्रकाराचा आराखडा मांडला. अनेकांच्या सहकार्यातून तो पीएनजी या नावाने पूर्ण झाला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने त्याची शिफारस केली. अमेरिकेतील उपरोक्त पेटंटाची मुदत २००३ साली संपली. परंतु आपण निर्माण केलेल्या चित्राची किल्ली दुसऱ्याच्या हाती असू शकते, हा धडा त्यातून मिळाला.

पीएनजीमध्ये पिक्सेलागणिक अल्फा साठविता येतो, चित्राचा कोणताही तपशील संक्षेपात गळत नाही आणि वापरासाठी परवाना लागत नाही. बोधचिन्हे, आकृत्या व अक्षरे यांसाठी तो उत्तम आहे. केवळ रेषा व सपाट रंग यांनी बनलेल्या चित्रांसाठी २००१ साली शिफारस झालेला एसव्हीजी हा प्रकार त्याहूनही सोयीचा. त्यात पिक्सेल नसून रेषांचे वर्णन असते. त्यामुळे चित्र कितीही मोठे केले तरी कड फाटत नाही, आणि जेथे काही काढलेले नाही ती जागा आपोआप पारदर्शक राहते. गूगलने २०१० साली जाहीर केलेला वेबपी हा प्रकार पारदर्शक छायाचित्रांसाठी उपयोगी आहे, कारण त्यात फाइलीचा आकार लहान राखता येतो.

साधनाच्या तीन कसोट्या

आता सॉफ्टवेअरकडे वळणे योग्य होईल. कोणतेही साधन तीन कसोट्यांवर तपासावे. पहिली कसोटी अशी की, ते अल्फाचे मधले अंक जपते काय? दुसरी, मूळ चित्र स्तरांसह राखून ठेवता येते काय? तिसरी, उद्या ते साधन हाती नसले तरी चित्र उघडता येईल काय?

गिंप हे सॉफ्टवेअर बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ साली हाती घेतले. ते मुक्त व विनामूल्य असून लिनक्स, विंडोज व मॅक या तिन्हींवर चालते. त्यातील ‘कलर टू अल्फा’ ही क्रिया निवडलेला रंग प्रत्येक पिक्सेलातून वजा करून तेवढा अल्फा ठेवते. म्हणजे कडेच्या प्रश्नाचे वर सांगितलेले उत्तर ती स्वतःच काढते. तथापि चित्राच्या आत मुद्दाम ठेवलेला पांढरा रंगही तिच्यामुळे जातो, याचे भान ठेवावे. अशा वेळी आधी योग्य तेवढाच भाग निवडून मग ही क्रिया करावी.

इंकस्केप हेही मुक्त सॉफ्टवेअर २००३ पासून विकसित होत आहे. त्याची मूळ फाइल एसव्हीजीच असते आणि त्यातून पीएनजीही काढता येते. जुन्या छापील बोधचिन्हाची केवळ प्रतिमा हाती असेल, तर तिच्यावरून रेषा उमटवून घेण्याची सोय त्यात आहे. नव्याने चित्र रंगविणाऱ्यास क्रिता हे साधन सोयीचे वाटेल.

अडोबी कंपनीचे फोटोशॉप १९९० पासून प्रचारात आहे. कडांची बारीक निवड व छायाचित्रांचे संस्करण यांत त्याची योग्यता वादातीत आहे. पण २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवर मिळतात. वर्गणी थांबली की साधन थांबते. केवळ वर्षातून चार-दोन चित्रे करणाऱ्या शाळेने हा खर्च करावा की नाही, याचा विचार तिने आपल्या गरजेवरून करावा. विंडोजसोबत येणाऱ्या पेंट या साध्या साधनातही २०२३ साली स्तर व पारदर्शकता यांची भर पडली. त्यापूर्वीच्या आवृत्त्या मात्र या कामास निरुपयोगी आहेत. शेकडो चित्रांवर एकच संस्कार करावयाचा असल्यास आज्ञा लिहून चालणारे इमेजमॅजिक हे मुक्त साधन श्रम वाचविते.

कृती व पडताळा

गिंपमध्ये चित्र उघडून प्रथम ‘ॲड अल्फा चॅनेल’ ही आज्ञा द्यावी. अल्फा नसलेल्या चित्रात भाग पुसला तर रिकामी जागा न होता पार्श्वभूमीचा रंग भरला जातो. नंतर पार्श्वभूमी काढावी. रिकाम्या जागी करड्या चौकटींचा पट दिसू लागेल. तो चित्राचा भाग नसून पारदर्शकतेची खूण होय. मूळ काम गिंपच्या एक्ससीएफ फाइलीत ठेवावे आणि वेबसाठी पीएनजी प्रत निराळी काढावी.

पडताळ्यासाठी ती प्रत पांढऱ्या, काळ्या व एखाद्या मध्यम रंगाच्या पृष्ठावर क्रमाने ठेवून पाहावी. पांढऱ्यावर निर्दोष वाटणाऱ्या चित्राची किनार काळ्यावर तत्काळ उघडी पडते. कोठून आणलेल्या चित्रात करड्या चौकटी काळ्या पृष्ठावरही दिसत राहिल्या, तर त्या रंगविलेल्या आहेत आणि चित्र पारदर्शक नाही, असे समजावे.

शाळेचे किंवा ग्रंथालयाचे बोधचिन्ह अनेक वर्षे टिकावयाचे असते. ते करणारा शिक्षक बदलतो, संगणक बदलतो, सॉफ्टवेअरही बदलते. अशा वेळी पांढऱ्या चौकोनात अडकलेली जेपीईजी प्रत एवढीच हाती उरली, तर सर्व काम पहिल्यापासून करावे लागते. म्हणून बोधचिन्हाची एसव्हीजी किंवा पूर्ण आकाराची पीएनजी प्रत, तिच्या मूळ स्तरांच्या फाइलीसह, संस्थेच्या दप्तरात दोन ठिकाणी जपून ठेवावी. ज्या साधनाने हे साधेल ते साधन योग्य. त्याची किंमत किती, ही बाब दुय्यम होय.