नाखुदाची वही

नॉर्मन राजवटीतील इंग्लंड हा धडा आम्ही शाळेत शिकलो तेव्हा गुरुजींनी फळ्यावर एक त्रिकोण काढला होता. शेंड्यावर राजा, त्याखाली सरदार, त्याखाली शिलेदार आणि तळाशी शेतकरी. पुढे आम्ही स्वतः शिक्षक झालो आणि तोच त्रिकोण वर्षानुवर्षे काढत राहिलो. निवृत्तीनंतर कतारच्या मोत्यांविषयी वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की त्या त्रिकोणात एक गोष्ट आम्ही मुलांना कधी दाखवलीच नाही. तळाचा माणूस तेथून उठून दुसरीकडे का जात नव्हता?

प्रथम नॉर्मनांचे पाहू. १०६६ साली विल्यमने इंग्लंड जिंकले आणि सारी जमीन राजाची ठरली. सरदारांनी ती लष्करी चाकरीच्या बदल्यात धारण करायची. १०८५ च्या नाताळात राजाने देशाची मोजदाद करण्याचा हुकूम दिला. १०८६ मध्ये झालेल्या त्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक गावांची नोंद झाली. किती नांगर, किती गिरण्या, किती माणसे, हे सगळे तीत आहे. तिलाच लोक पुढे कयामतच्या दिवसाची वही म्हणू लागले, कारण तिच्यातल्या नोंदीवर अपील नव्हते.

तळाच्या शेतकऱ्याला व्हिलन म्हणत. हिंदी चित्रपटातला व्हिलन शब्दाच्या वंशावळीने याचाच नातू. मूळ अर्थ नुसता गावात राबणारा कुळवाडी असा होता, त्याचा दुष्ट माणूस कोणी केला हे वाचकांनीच ताडावे. हा कुळवाडी स्वतःचा जमिनीचा तुकडा कसत असे आणि त्याबदल्यात आठवड्यातले दोन-तीन दिवस धन्याच्या शेतात वेठ करीत असे. बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत त्याच्यावरची बंधने चांगलीच आवळली गेली. दळण धन्याच्याच गिरणीवर, मुलीचे लग्न ठरले की धन्याला पैसे, बाप मेला की गोठ्यातले उत्तम जनावर धन्याच्या दारी. गाव सोडून बाहेर राहायचे तर परवानगी हवी आणि तिचीही पट्टी भरायची. पळून शहरात गेला आणि तेथे एक वर्ष आणि एक दिवस टिकला तर मोकळा, असा रिवाज होता खरा, पण जमीन सोडून तो खाणार काय? शेतच त्याचे पोट होते आणि शेतच त्याची बेडी.

आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या वाडवडिलांना हे समजावून सांगावे लागले नसते. खोत आणि कूळ त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी न कसता संप केला, तो याच खोतीविरुद्ध. कुळाकडून लिहून घेतलेली कबुलायत हा त्या व्यवस्थेचा कणा होता. हा कागद पुढे पुन्हा येणार आहे, तेवढा लक्षात असू द्यावा.

आता कतारकडे वळू. हे इराणी आखातात शिरलेले वाळूचे द्वीपकल्प. नदी एकही नाही, पाऊस नावाला, शेती जवळजवळ नाहीच. येथे जमिनीने माणूस बांधता येत नाही. उलट शेखाशी बिनसले तर अख्खी टोळी तंबू उचलून किंवा होड्यांत बसून दुसऱ्या किनाऱ्यावर जाई. तेव्हा नॉर्मनांची युक्ती या देशात चालणारी नव्हती. तरीसुद्धा येथल्या तळाच्या माणसाला उठून जाता येत नव्हते. हे कसे झाले?

देशाची सारी संपत्ती समुद्राच्या तळाशी शिंपल्यांत होती. १८६३ साली आलेल्या पालग्रेव्ह या इंग्रज प्रवाशाला शेख महंमद बिन थानी यांनीच सांगितले होते, की आमचा खरा धनी मोती. विसाव्या शतकाच्या आरंभी कतारची वस्ती सुमारे २७,००० होती आणि त्यातली जवळजवळ निम्मी माणसे उन्हाळ्यात मोत्यांच्या होड्यांवर असत. आपल्या आज्यांच्या नथीतले ‘बसऱ्याचे मोती’ ते हेच. बसरा हे नुसते बंदराचे नाव. शिंपले निघत ते कतार, बहरैन आणि शेजारच्या किनाऱ्यांसमोरच्या समुद्रात.

होडीच्या कप्तानाला नाखुदा म्हणतात. फारसीत नाव आणि खुदा, म्हणजे नावेचा धनी. आपल्या कोळ्यांचा ‘नाखवा’ हाच. त्याच्या हाताखाली बुडी मारणारे घैस, त्यांचे दोर धरणारे सैब आणि काम शिकणारी पोरे. मोठा हंगाम जूनच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबर संपेपर्यंत चाले. ते चार महिने होडीवरच. बुडणाऱ्याच्या नाकाला चिमटा, बोटांना चामड्याच्या टोप्या, गळ्यात जाळीची पिशवी आणि पायाशी दगड बांधलेला दोर. दगडाबरोबर तो कित्येक वाव खाली जाई, मिनिटभरात हाताला येतील तेवढे शिंपले खुडी आणि दोराला हिसका देई. मग सैब त्याला वर ओढी. दिवसभरात अशा कित्येक डझन बुड्या. पोट भरलेले असले तर दम टिकत नाही म्हणून दिवसा थोडा खजूर आणि कॉफी, भात-मासळी संध्याकाळी. कान फुटत, डोळे जात, मिठाने कातडी सोलून निघे.

शिंपले दुसऱ्या दिवशी सकाळी नाखुदाच्या नजरेसमोर फोडीत. सगळ्यांचा ढीग एकच, त्यामुळे कोणत्या मोत्यासाठी कोणी दम कोंडला होता ते कळण्याची सोय नव्हती. हंगामाअखेर विक्रीतून खर्च वजा होई, होडीचा हिस्सा निघे आणि उरलेल्यातून बुडणाऱ्याला तीन वाटे, दोर धरणाऱ्याला दोन, असा साधारण रिवाज होता. कागदावर हे नॉर्मन वेठीपेक्षा पुष्कळच न्यायाचे दिसते. मजुरी नाही, भागी आहे!

पण भागी हातात पडण्याआधी उचल वळती होई. घरधनी चार महिने समुद्रावर गेला तर मागे बायकामुले खाणार काय, म्हणून निघताना नाखुदा उचल देई. हिवाळ्यात काम नसे, तेव्हा पुन्हा उचल. ती बहुधा तांदूळ, खजूर आणि कापड या रूपाने मिळे आणि भाव देणाराच ठरवी. व्याज धर्माने निषिद्ध, म्हणून नफा या भावात दडवलेला असे. एखादा हंगाम मंदा गेला की वाट्यापेक्षा उचल मोठी होई आणि बाकी पुढच्या सालावर जाई. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची ही सारी बाकी एकाच ठिकाणी लिहिलेली असे, ती म्हणजे नाखुदाच्या वहीत.

दुसऱ्या नाखुदाकडे जायचे तर ‘बरवा’ नावाचा कागद लागे. या माणसाकडे माझे इतके येणे आहे, असे जुना नाखुदा त्यावर लिहून देई. नव्याने ते देणे फेडावे किंवा अंगावर घ्यावे, मगच माणूस त्याच्या होडीवर चढणार. म्हणजे धनी बदलता येई, देणे बदलत नसे. तंटा झाला तर बुडीच्या धंद्याचा वेगळा न्यायनिवाडा होता, पण तेथे निवाडा करणारे त्याच धंद्यातले जाणते आणि पुरावा तीच वही. बाप मेला तर आखातात अनेक ठिकाणी देणे मुलाच्या नावावर चढे आणि मुलगा त्याच दोराला लागे. नॉर्मन शेतकऱ्याचे निदान जनावर जात होते.

आम्हाला येथे त्रिकोणाची खरी रचना दिसली. नाखुदाही मोकळा नव्हता. होडी सजवायला त्याने व्यापाऱ्याकडून कर्ज काढलेले असे आणि कित्येकदा मोती त्यालाच, तो देईल त्या भावाने द्यावे लागत. तो व्यापारी मुंबईकडे डोळे लावून बसे. आखातातला बहुतेक माल मुंबईच्या मोती बाजारात येई. येथे चाळण्यांनी त्याची प्रतवारी होई, मोती विंधले जात आणि माळा होऊन पॅरिसपर्यंत जात. आखातातला व्यापारी ज्या ‘चव’ या मापाने मोती जोखी, तेच माप मुंबईच्या जव्हेऱ्याचे. कतारचे शेख होड्यांवर कर घेत, पण त्या साली कोणाच्या घरी किती तांदूळ शिजणार हे पुष्कळदा मुंबईच्या पेढ्यांवर ठरत असे.

याच होड्यांवर पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलामही बुडी मारीत आणि त्यांचा वाटा मालक घेई. स्वतंत्र पण कर्जबाजारी माणूस आणि विकत घेतलेला माणूस एकाच फळीवर बसून एकाच कॉफीच्या भांड्यातून पीत. इंग्लंडातही १०८६ च्या नोंदीत दर दहांत सुमारे एक गुलाम होता. पुढच्या दोन पिढ्यांत ती गुलामी विरत गेली, मात्र ते लोक बांधील कुळांत मिसळले.

नाखुदाला सरसकट राक्षस ठरवू नये. शेजारच्या बहरैनमध्ये इंग्रजांच्या दबावाखाली १९२० नंतरच्या दशकात सुधारणा झाल्या. प्रत्येक बुडणाऱ्याला स्वतःच्या हिशेबाची वही मिळाली, उचलीवर मर्यादा आली. आम्ही म्हणालो असतो, उत्तम झाले. पण १९३२ साली बुडणाऱ्यांनीच दंगा केला, कारण उचल कमी झाली आणि घरी चूल पेटेना. ज्या दोराने गळा आवळत होता त्याच दोराने धान्यही उतरत होते. नॉर्मन शेतकऱ्याचे आणि त्याच्या जमिनीचे नातेही असेच होते.

हा धंदा कोणत्या कायद्याने बुडाला नाही. जपानने पिकवलेले मोती बाजारात आले, १९२९ ची जागतिक मंदी आली आणि खऱ्या मोत्याला गिऱ्हाईक उरले नाही. होड्या किनाऱ्यावर कुजल्या. १९३५ साली शेख अब्दुल्ला बिन जासिम यांनी तेलाचा करार केला आणि १९४० च्या सुमारास दुखान येथे तेल लागले, पण महायुद्धामुळे काम थांबले. ती वर्षे कतारने उपाशी काढली आणि कित्येक कुटुंबे देश सोडून गेली. तेलाचे पहिले जहाज १९४९ च्या अखेरच्या दिवशी निघाले. तेल कंपनीच्या कामावर गुलामही लागले आणि त्यांच्या पगाराचा मोठा भाग मालक घेत राहिले. १९५२ साली गुलामी रद्द झाली, मालकांना भरपाई देऊन. दोह्यात २०१५ साली बिन जेलमूद घर या नावाचे संग्रहालय उघडले, त्यात हा गुलामीचा इतिहास त्या देशाने स्वतःच मांडला आहे.

बरवा मात्र नाव बदलून राहिला. तेलानंतर बाहेरून मजूर आले, त्यात आपले कोकणातले लोकही होते. प्रत्येकाला एक प्रायोजक हवा, त्याला कफील म्हणत. नोकरी बदलायची तर त्याचे ना-हरकत पत्र, देश सोडायचा तर त्याची परवानगी. बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवानगीची अट २०१८ साली गेली, घरकाम करणाऱ्यांसाठी २०२० च्या आरंभी. ना-हरकत पत्राची अट २०२० च्या कायद्याने काढली, म्हणजे विश्वचषक फुटबॉलच्या दोन वर्षे आधी. आता ठरल्या मुदतीची सूचना देऊन माणूस दुसरीकडे जाऊ शकतो. प्रत्यक्षात ते किती जणांना साधते यावर मजुरांच्या संघटना अजून तक्रारी करतात.

कामावर घेताना मजुराकडून पैसे घेऊ नयेत असेही कतारचा कायदा सांगतो. पण गावातून निघणाऱ्या मुलाने एजंटासाठी बायकोचे दागिने गहाण टाकलेले असतात, आणि ते देणे कतारमधल्या कोणत्याच वहीत दिसत नाही.