तिथे तू ‘दादा’ असशील

बयो,

परवा तुझी आई वजनकाट्यावर बॅग चढवून ‘तेवीस किलो, तेवीस किलो’ करत होती आणि तू त्यात इस्त्री कोंबत होतीस, तेव्हा मी मुद्दाम गप्प बसले. तुझ्याच वयाची असताना मी नर्सिंग संपवून नेपाळात गेले, पाल्प्याच्या डोंगरातल्या एका मिशन दवाखान्यात. चौदा वर्षं राहिले. तू चाललीस मोंबासाला, मुलींच्या शाळेत शिकवायला. देश बदलतो, चुका मात्र त्याच असतात. माझ्या करून झाल्यात, त्यातल्या काही तरी तुझ्या वाचाव्यात म्हणून हे लिहिलंय. इस्त्री काढ आणि हा कागद ठेव.

१. पहिले सहा महिने भाषेला दे, बाकीची कामं उरलेल्या वेळात कर — परक्या गावात कान आधी उतरतो, जीभ मागून. विल्सन कॉलेजचे विल्सनसाहेब १८२९ साली मुंबईत उतरले तेव्हा चोवीस वर्षांचे होते; ते आधी कोकणात, हर्णै-बाणकोटकडे मराठी शिकायला गेले.

२. बायका नळावर बोलतात ती भाषा शिक, नुसती पुस्तकातली नको — मिशनरी रॉबर्ट नेस्बिट १८२७ साली स्कॉटलंडहून आले. पडद्याआडून ऐकलं तर इथलाच माणूस बोलतोय असं वाटे, इतकं त्यांचं मराठी चोख होतं म्हणतात, आणि असं मराठी काही कोशातून येत नाही.

३. नात्याचे शब्द सगळ्यांत आधी पाठ कर — स्वाहिलीत ‘मामा’ म्हणजे आई, ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘दादा’ म्हणजे बहीण. लहानपणी तुला दादागिरीची फार हौस होती. आता शाळेतल्या मुली तुला खरोखरच दादा म्हणतील.

४. ओळखीचा वाटणारा शब्द दोनदा तपासून घे — अनोळखी शब्दापाशी आपण थांबतो, ओळखीच्यावर घसरतो.

ही घसरण कशी होते ते सांगते. पाल्प्यात पोचून मला आठवडा झाला होता. दवाखान्यातल्या एका दिदीच्या सासूबाईंनी जेवायला बोलावलं. चुलीपाशी बसवलं, पितळेच्या थाळीत भात, काळ्या उडदाची डाळ, मोहरीच्या पाल्याची भाजी, वर घरचं तूप. तूप मला एकटीलाच होतं, घरातल्या मुलांच्या ताटात नव्हतं. दोन घास झाल्यावर म्हातारीने विचारलं, ‘मिठो छ?’ मला वाटलं, मीठ जास्त झालंय का विचारतात. मी अगदी प्रेमाने, मान हलवून सांगितलं, ‘मिठो छैन!’ नेपाळीत मिठो म्हणजे चवदार. तिने डावातला भात परत पातेल्यात ठेवला आणि पदराने हात पुसत राहिली. काय बोलून बसले ते मला रात्री कळलं. सकाळी धावत गेले, पाया पडले. ती हसली, पण ते तूप आठवलं की अजून माझ्या घशाशी येतं.

५. समोर वाढलेलं खा, आणि दुसऱ्यांदा मागून घे — देणाऱ्याचं मन ताटात बसलेलं असतं. काही पचणारं नसेल तर आधीच सांग, घास तोंडापाशी नेऊन नको.

६. रमजानच्या दिवसांत रस्त्यावर खात-पीत फिरू नकोस — मोंबासाच्या जुन्या वस्तीत तुझे बहुतेक शेजारी मुसलमान असतील, आणि दिवसभर पाण्याविना राहणारी दुकानदारीण तुला काही बोलणार नाही. ती बोलत नाही म्हणूनच आपण जपायचं.

७. दाराशी ‘होडी’ म्हण, आतून ‘करिबू’ आल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. वडीलधाऱ्यांना आधी ‘शिकामो’ हा नमस्कार, मग कामाचं — तिथे ख्यालीखुशाली विचारण्यात पाच मिनिटं जातात आणि ती वाया गेली असं फक्त आपल्यासारख्या लोकलवाल्यांनाच वाटतं. चप्पल दाराबाहेर, घाई त्याच्याही बाहेर.

८. गेल्या गेल्या एक ‘लेसो’ विकत घे — नेसायला, पांघरायला, डोक्यावर घ्यायला, सगळ्याला एकच कापड चालतं. पण त्यावर म्हण छापलेली असते; तिचा अर्थ कळल्याशिवाय ते कुणाला भेट देऊ नकोस, नाहीतर रंग बघून टोमणा देशील.

९. मच्छरदाणी रोज संध्याकाळी उजेडात तपास — दाणीतलं भोक आणि हिशेबातली चूक, दोन्ही अंधारातच चावतात. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घे. ‘उद्या बघू’ म्हणणारे मी वॉर्डात पुष्कळ पाहिलेत.

१०. औषधांची एक पुडी फक्त स्वतःसाठी ठेव, ती कुणालाही देऊ नकोस — आणि हे स्वार्थाचं वाटलं तर पुढचं वाच.

गॉर्डन हॉल हे नाव तू शब्बाथ शाळेत ऐकलंयस. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत आले ते अठ्ठावीस वर्षांचे. कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचा हुकूम काढला. ते अर्जावर अर्ज करत टिकून राहिले, शाळा काढल्या, आणि पुन्हा मायदेशी गेलेच नाहीत. मार्च १८२६ मध्ये ते नाशकाकडे गेले तेव्हा तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधं त्यांनी आजाऱ्यांना वाटली. परतीच्या वाटेवर त्यांना स्वतःला पटकीने गाठलं तेव्हा जवळ जेमतेमच काही उरलं होतं. वाटेतल्या एका देवळाच्या आवारात त्यांचा अंत झाला, वय ४१. बायको-मुलं आदल्या वर्षी अमेरिकेला गेलेली. लहानपणी ही गोष्ट ऐकून माझे डोळे भरायचे, आजही भरतात. पण नर्स झाल्यापासून मला त्यांनी न वाचवलेली ती एक पुडीही दिसते. ते वाचते तर आणखी किती गावांना औषध पोचलं असतं! त्यांच्या त्यागापुढे मी मान वाकवते, आणि तुला मात्र सांगते की पुडी ठेव.

११. आठवड्यातला एक दिवस खरोखर सुट्टी घे — शनिवारी-रविवारीही कामाला जुंपून घेणारी माणसं दुसऱ्या वर्षी चिडचिडी होतात आणि तिसऱ्या वर्षी घरी परततात. मी दुसऱ्या वर्षी एका बाळंतिणीवर खेकसले होते. तिचा काही दोष नव्हता, मी नऊ आठवडे सुट्टी घेतली नव्हती.

१२. पैसे मागायला कुणी आलं तर एकटीने ठरवू नकोस, शाळेतल्या जुन्या दोघींना विचार — गरज कुणाची खरी हे गाव जाणतं. तिथे पैसे मोबाईलवरून एम-पेसाने जातात, म्हणजे बोटाच्या टोकाने. म्हणून वहीत लिहायची सवय जास्तच हवी.

१३. मंडळीला पाठवायच्या पत्रात ज्या माणसाबद्दल लिहिशील, त्याच्यासमोर ते वाचता येईल असंच लिही — एके काळी आपल्याकडच्या बायका-मुलांची चित्रं परदेशी मिशनच्या अहवालांत छापून यायची, आणि कितीदा खाली नावसुद्धा नसायचं. आपण त्या चित्रातल्या लोकांची नातवंडं आहोत. मुलींचे फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस, आणि नाव विचारलं नसेल तर फोटोही विचारू नकोस.

१४. गोळी, खाऊ, वही यांना कधीही उपदेशाची दोरी बांधू नकोस — उपकाराखाली दबलेला माणूस ‘हो’ म्हणतो, त्यात त्याचं मन नसतं.

ह्यावर मला फार बोलायचंय. नेपाळात मिशनला काम करायची परवानगीच या अटीवर होती, की धर्मांतर करायचं नाही. पहिल्या वर्षी मला तोंड बांधल्यासारखं वाटे. तिसऱ्या हिवाळ्यात एक आजोबा न्यूमोनियाने आले. रात्री त्यांना दर दोन तासांनी उठवून पाणी पाजत होते. पहाटे त्यांनी विचारलं, ‘नानी, माझी मुलगी झोपली, तू का जागी?’ तेव्हा मी सांगितलं, साध्या चार वाक्यांत. त्यांनी ऐकलं, मान हलवली, पाणी प्याले. बस, एवढंच. ते हिंदू म्हणून आले, हिंदू म्हणूनच बरे होऊन गेले, आणि दर दसैंला माझ्यासाठी संत्री पाठवत राहिले. माझ्या चौदा वर्षांत याहून मोलाचं काही घडलं नाही.

१५. कुणाच्याही मनाला घाई करू नकोस — कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १८९५ साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. एकाच घरात पाच वर्षं लागली.

१६. त्यांची गाणी त्यांच्या चालीत शिक, आपली नंतर — टिळकांनी ख्रिस्त अभंगांत आणला तेव्हा कुठे आपल्या आज्या देवळात मोकळ्या गळ्याने गाऊ लागल्या.

१७. ‘आमच्या मुंबईत’ हे शब्द दिवसातून एकदाच — तेही कुणी विचारलं तर.

१८. आपण तिथे पहिल्यांदा चाललोय असं मनात आणू नकोस — नाशिकजवळच्या शरणपूरला, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकून मोठी झाली. त्यांतले विल्यम जोन्स आणि जॉर्ज डेव्हिड १८६४ साली मोंबासाला सेवेला गेले. पुढे १८७५ च्या सुमारास तिथे सुटलेल्या गुलामांची फ्रीअरटाउन ही वस्ती उभी राहिली, आपल्या मुंबईच्या माजी गव्हर्नरचं नाव तिला दिलं. आपल्याकडून तिकडे गेलेल्या या आफ्रिकनांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. केंगेलेनीच्या चौकात त्या वस्तीची जुनी घंटा आहे. पहिल्या रविवारी जाऊन ती बघून ये, आणि मला कळव.

१९. मुलींना शिकवताना मागच्या बाकापासून सुरुवात कर — पुढच्या बाकावरच्या तुझ्याविनाही शिकतील. मिशनरी सिंथिया फॅरार १८२७ साली एकटी मुंबईत आली, मुलींच्या शाळांसाठी. पुढे नगरला गेली आणि १८६२ साली तिथेच वारली. तिची नगरची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. एका वर्गातून काय काय निघेल हे शिकवणारीला त्या दिवशी दिसत नाही.

२०. रडू आलं तर रड, पण जेवून — उपाशी पोटी गिरगाव फार लांब वाटतं.

२१. लालबागच्या मिरची गल्लीतून कुटून आणलेला मसाला अर्धा किलोच ने, त्यातला अर्धा पहिल्या महिन्यात शेजारणीला दे — आपला डबा उघडला की त्यांचाही उघडतो. खोताच्या वाडीतल्या आपल्या ईस्ट इंडियन मैत्रिणीने बाटली मसाला दिलाय तो वेगळा. तो नाताळपर्यंत बंद ठेव.

२२. परत आलीस की पहिले दोन महिने कुणाला भाषण देऊ नकोस — दादर स्टेशनावरची गर्दी तुलाच परकी वाटेल. मी आले तेव्हा चर्नी रोडला जिन्यात उभी राहून सगळ्यांना वाट देत होते, तीन गाड्या गेल्या.

बाटली मसाला जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवलाय, इस्त्री होती तिथे. घड्याळ अडीच तास मागे लाव. रविवारी तुझे सहा वाजले की आमचे साडेआठ होतात. तुझ्या बाबांच्या बातम्या तेव्हा संपलेल्या असतात आणि मी फोन हातात घेऊन बसलेली असेन.

सलाम.
तुझी आत्या