तुला, तराजू व मापे : धातुकामाचा एक जुना वारसा

नवस फेडताना बालकास पारड्यात बसवून त्याच्या भारंभार गूळ वा साखर देवास अर्पण करण्याची प्रथा भाविकांच्या परिचयाची आहे. तुलादानाची ही परंपरा राजघराण्यांनीही पाळली. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वणीस श्रीक्षेत्र महाबळेश्वर येथे शिवछत्रपतींनी मातोश्री जिजाबाई व वयोवृद्ध सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकप्रसंगी महाराजांची स्वतःचीही तुला झाली. इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याने महाराजांचे वजन सुमारे सोळा हजार होन भरल्याची नोंद केली आहे.

शहापूर-मुरबाडच्या यात्रेकरूंना याहून प्राचीन साक्ष जवळच लाभते. मुरबाडहून घाटमाथ्यावर चढणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, अश्व, हत्ती व सहस्रावधी कार्षापणे यांचा हिशेब त्यात कोरलेला आहे. कार्षापण हे नाणे खरे, परंतु त्याच्या नावातील ‘कर्ष’ हे वजन होय.

दांडी, दोन पारडी, साखळ्या आणि मध्यावरचा काटा, एवढाच तराजूचा संसार. मात्र कारागिरांनी त्यावर जीव ओतला. सराफाचा नाजूक काटा कोरीव लाकडी पेटीत बसे व त्याच पेटीत वजनांसाठी खाचा असत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. ब्रह्मदेशात वजने हंसाकृती ओतीत, तर आफ्रिकेतील अशांती लोक सोने तोलण्यासाठी मासे, पक्षी व माणसे यांच्या आकृतींची पितळी वजने घडवीत. ही केवळ हौस नव्हे. नक्षीदार वजन कोणी कानस लावून हलके केले तर ते लगेच उघडकीस येते. साध्या गोळ्याचे तसे नाही. पितळी मापाच्या काठाभोवतीचे कडेही शोभेइतकेच उपयोगाचे, कारण काठ चेपला की माप खोटे ठरते.

आपल्याकडे धान्य तोलण्यापेक्षा मापण्याची रीत अधिक. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. खळ्यावर भात मापताना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात. नववधू उंबरठ्यावरचे माप लवंडून घरात येते, तेही यांपैकीच.

१ ऑक्टोबर १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्याने किलोग्रॅमची पद्धत आली. व्यवहार सोपा झाला हे खरेच. पण निरुपयोगी ठरलेली जुनी वजने-मापे मोडीच्या भावाने गेली आणि वितळली. पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमविल्या, आपल्या दिवंगत पुत्राच्या नावे संग्रहालय उभारले व १९७५ साली ते शासनाच्या स्वाधीन केले. असे संग्राहक विरळाच.

जुने पितळ मोडीत घालण्यापूर्वी अथवा देवकार्यासाठी अर्पण करण्यापूर्वी भाविकांनी मापाचा तळ व काठ एकदा नीट पाहावा. पुष्कळदा तेथे पणजोबांचे नाव ठोक्यांनी घातलेले आढळते.