सरांना भेटायला जात जा

चि. निनाद यास,

तुझे पत्र पोचले. एफवाय बीएस्सीच्या तुकडीत 120 मुले, हजेरी रोल नंबरवर, सरांना कोणाचे नावही ठाऊक नाही. गावच्या शाळेत सगळे गुरुजी तुला घरच्या नावाने हाक मारायचे, तेव्हा पुण्यात हे मनाला लागणारच. पण ‘इथे कोणी विचारत नाही’ हे तुझे म्हणणे मला पटले नाही. तू कोणाकडे विचारायला गेलास का?

एवढ्या मोठ्या वर्गात प्राध्यापक आपणहून तुझ्यापर्यंत येतील ही अपेक्षा धरू नकोस. मात्र तास संपला की त्यांचे काम संपते, असेही समजू नकोस. यूजीसीच्या 2018च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचे असतात, पण काम 40 तासांचे धरलेले आहे, आणि रोज किमान 5 तास कॉलेजात उपलब्ध राहायचे असते. म्हणजे स्टाफरूमच्या दारात ‘सर, येऊ का?’ म्हणण्यात संकोच वाटण्यासारखे काहीच नाही.

फक्त ‘काहीच कळले नाही’ एवढेच घेऊन जाऊ नकोस. नेमका प्रश्न ने. टायट्रेशनमध्ये तुझे पहिले रीडिंग दर वेळी जास्त येते ना? जर्नलमध्ये आकडे जुळवून मोकळा होऊ नकोस. तिन्ही रीडिंग प्रॅक्टिकलच्या मॅडमना दाखव. कदाचित त्या बुरेटच्या तोटीकडे बोट दाखवतील. तिथे हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, टायट्रेशन चालू असताना तो निघून जातो आणि त्याची जागा द्रावण घेते, म्हणून आकडा फुगतो. हे वर्गात फळ्यावर कधीच येत नाही. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये तुम्ही मोजकीच मुले असता, शिक्षक टेबलापाशी येतात. ओळख व्हायची ती तिथेच होते. आवराआवर करून लवकर पळणाऱ्यांत तू नसावास.

या मॅडम तासिका तत्त्वावर आहेत असे तू लिहिलेस. कायम जागा वर्षानुवर्षे भरत नाहीत आणि अशा शिक्षकांना घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते. पुष्कळांना इथला तास संपवून दुसऱ्या कॉलेजातला गाठायचा असतो. हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि तुमचेही त्यात नुकसान आहे. मला याची फार चीड येते. म्हणून त्या घाईत निघाल्या तर ‘टाळतात’ असे मनात आणू नकोस. ‘मॅडम, दहा मिनिटे कधी मिळतील?’ असे आदल्या दिवशीच विचारून ठेव. शिकवण्याची आवड असलेला माणूस अशा विद्यार्थ्यासाठी वेळ काढतो, हे मी स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षे पाहिले आहे.

या आठवड्यात विभागाच्या नोटीस बोर्डावरचे वेळापत्रक उतरवून घे, कोणत्या शिक्षकांचा कोणता तास मोकळा आहे ते बघ आणि शुक्रवारच्या आत एकदा तरी जाऊन ये. काय विचारलेस ते मला सविस्तर लिही.

तुझी,
आत्या