परसातलं पीच फुलत का नाही?

प्रश्न : हिमाचलातल्या राजगडहून आणलेलं ‘जुलै एल्बर्टा’ पीचचं कलम परसात लावलंय. पानं भरपूर, फूल एकही नाही. खत कमी पडतंय का?
— एक वाचक, कवठे येमाई (ता. शिरूर)

उत्तर : खताचा नाही, थंडीचा प्रश्न आहे. पीचच्या कळ्या हिवाळ्यात झोपतात आणि साधारण ७ अंशांखालचा गारवा ठरावीक तास मिळाल्याशिवाय नीट फुटत नाहीत. तुमच्या वाणाला असे शेकड्यांनी तास लागतात. घोडनदीच्या पट्ट्यात पहाटे हुडहुडी भरते खरी, पण नऊ-दहालाच ऊन चटकतं. तासांची बेरीज जमतच नाही. खोडाशी बर्फ टाकण्याचे उपाय कुणी सांगितले तर हसून सोडून द्या.

हौस दांडगी असेल, तर ‘फ्लोरडाप्रिन्स’ लावा. फ्लोरिडा विद्यापीठाचा हा वाण सुमारे १५० तासांत भागवतो आणि पंजाबच्या मैदानात फळतो. आपल्याकडे दरवर्षी फळाची हमी मात्र मी देणार नाही. जागा मुरमाड, निचऱ्याची हवी. चिकण काळ्या मातीत मुळं कुजतात. एकटं झाडही फळतं. डाळिंबाला ताण देता तसं नोव्हेंबरात पाणी तोडा, पानगळ होऊ द्या, डिसेंबरअखेर छाटा. फळ गेल्या वर्षीच्या काडीवर येतं, म्हणून त्या सगळ्याच काड्या उडवू नका. फळ धरलं, तर ते पिकण्याआधी फळमाशीसाठी मिथिल युजेनॉलचा सापळा टांगा.

जुनं झाड काढायचं ठरलं, तर त्या जागी पुरंदरचं अंजीर लावा. त्याला इतक्या थंडीची गरज नाही.