चामडे गेले, पत्रा राहिला



तुमचे जुने चामडी दप्तर मातीत पुरले आहे, असे समजा. हजार वर्षांनी कोणी तेथे खणले, तर काय सापडेल? जीवाणू व बुरशी चामड्याची आणि कागदाची केव्हाच माती करतील. उरतील फक्त बक्कल, कड्या आणि रिवेट. मग येथे दप्तर होते, हे ओळखायचे कसे? हे तुकडे जागचे हलले नसतील, तर त्यांच्या जागांवरूनच!

हंगेरीतील मग्यार घोडेस्वारांच्या १० व्या शतकातील थडग्यांत असेच घडले. हे लोक कमरपट्ट्याला चामडी बटवा अडकवीत. काही बटव्यांवर वेलबुट्टीचा धातूचा पत्रा जडवलेला असे. बटवा कुजला, पण सांगाड्याच्या कमरेशी पत्रा राहिला. पट्ट्यावर ठोकलेल्या धातूच्या टिकल्यांची ओळ पाहून पट्ट्याचा आकारही कळतो.

आपल्याकडेही असा पुरावा आहे. नाशिकची मातीची गढी १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनी खणली, हे तुम्ही ऐकले असेल. याच डॉ. देवांनी १९७०-७२ मध्ये नागपूरजवळच्या माहूरझरी येथील शिलावर्तुळे खणली. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील आहेत. त्यांत माणसांबरोबर घोडेही पुरलेले होते. तेथे लोखंडी लगाम आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने मिळाले.

तांब्याचा आणखी एक गुण आहे. ते गंजते तेव्हा त्याचे क्षार लगतच्या धाग्यात मुरतात आणि जीवाणूंना मारतात. त्यामुळे धागा कुजत नाही. प्रवरेकाठच्या नेवासे येथे एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांमधला दोरा असाच तीन हजारांहून अधिक वर्षे टिकला.

आता उलट उदाहरण पाहा. प्रवरेकाठीच दायमाबाद येथे १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी चार ब्राँझची शिल्पे सापडली. मुळे खणताना ती अचानक हाती लागली. ती नेमकी कोणत्या थरात होती, याची शास्त्रीय नोंद नव्हती. म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद झाला. वस्तू मिळाली, पण तिची साक्ष अर्धी हरवली!

करून पाहा : जुन्या पट्ट्याचे बक्कल व रिवेट कागदावर मूळ जागी मांडा आणि मित्राला पट्टा ओळखायला सांगा. नंतर तेच तुकडे ढीग करून दुसऱ्या मित्राला दाखवा. फरक लगेच कळेल.

उद्या शेतात नांगराला हिरवट तांबे लागले, तर ते उचलू नका. भांडे घासावे तसे चिंच लावून मुळीच घासू नका. चिंचेच्या आंबटाने क्षार विरघळतील आणि त्यांत टिकलेला धागाही जाईल. जागेवर खूण करा आणि शिक्षकांमार्फत तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. वस्तूइतकीच तिची जागाही बोलत असते.